उजव्या जबड्यातलं भरण

पहिल्यांदा माझ्या जबड्यात जे भरलं होतं ते विरघळणारं होतं. दुसऱ्यांदा जे भरायचं ठरलं ते विरघळणारं नव्हतं. एवढा फरक मला नीट समजला होता आणि त्याच फरकामुळे माझं चित्त महिनाभर थाऱ्यावर नव्हतं. भाजी चिरायला बसले की उठायचे. कपडे वाळत घालता घालता मधेच आत यायचे आणि कशाला आले ते विसरायचे. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. जाऊन जाऊन किती जाणार? तरी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत चाललेलं असायचं.

आम्ही छत्तीसगडमध्ये, पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये राहतो. सासरे भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून प्लांटमध्ये लागले, त्यांच्यामागे माझे यजमान लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हिंदी बोलता येत नव्हतं. आता येतं, पण बोलायची वेळ आली की मी दुसऱ्या कोणाला पुढे करते. शाळा चौथीपर्यंत झाली. वाचता येतं, लिहिता येतं, मात्र कोणासमोर तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य अर्धंच राहतं. तसा माझा स्वभावच आहे. जबड्याचं झालं त्यानंतर तो आणखी पक्का झाला.

काही वर्षांपूर्वी उजवीकडे खालच्या दाढांखाली हाडात गाठ झाली होती. साधी गाठ होती, वाईट नव्हती. पण ती काढताना तीन दाढा गेल्या आणि हाडाचाही थोडा भाग गेला. जखम भरून आली. बाहेरून मात्र जबड्याची कड आत बसली. डावीकडून पाहिलं तर काही कळायचं नाही. उजवीकडून ओल्या मातीवर कोणी अंगठा दाबून ठेवल्यासारखं दिसायचं. मी पदर त्या बाजूने घ्यायला लागले आणि फोटो निघत असला की मागे जाऊन उभी राहायला लागले.

एकदा आधार कार्डाचा फोटो बदलायला गेलो होतो. यंत्रावरचा माणूस म्हणाला, “अम्मा, मुँह सीधा रखिए.”

मी सरळ बसले होते. आणखी सरळ बसले.

“सीधा, अम्मा. थोड़ा सीधा.”

मागे ओळ लागली होती. यजमानांची ड्यूटी होती, त्यांना घाई. ते म्हणाले, “इतना ही सीधा होता है भैया, खींच लो.”

ओळीतले लोक हसले. यजमानांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, काम उरकायला म्हटलं होतं, हे मला माहीत आहे. मीही हसले. घरी आल्यावर कांदा चिरायच्या निमित्ताने बराच वेळ ओट्याजवळ उभी राहिले.

माझी मुलगी नेहरू नगरमध्ये एका त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. ये-जा, नंबर, फोन, सगळं तीच पाहते. ती एक दिवस म्हणाली, “मम्मी, तुझा हा खड्डा भरता येते. फिलर म्हणतात. सुईनं आत जेली भरतात.”

मी म्हटलं, “थे तर नट्या करतात.”

“नट्या सुंदर दिसाले करतात. तुले कोण सुंदर करून राहिलं? तुझा फक्त खड्डा भरून राहिलो आपण.”

मी दोन-तीन आठवडे नको नको म्हटलं. पण मला ते हवं होतं. मुलीने सांगितलं त्या दिवसापासून हवं होतं. एवढं मोठं काही स्वतःसाठी हवंसं वाटणं मला नवीन होतं, म्हणून नको म्हणत होते.

आता जी गोष्ट लपवली ती सांगते.

मी गुडाखू घासते. मिश्री घासणाऱ्या बायकांना हे समजेल. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळपट ओला लगदा, छोट्या डबीत मिळतो. बोटावर घेऊन दातांवर आणि हिरड्यांवर घासत राहायचं. इकडे छत्तीसगडमध्ये घरोघरी बायका घासतात. मला ती शेजारच्या बाईने दिली, लग्नानंतर पहिल्या वर्षी, दाढ दुखत होती तेव्हा. दुखणं थांबलं आणि डोक्यात थंड वाऱ्यासारखं काही फिरलं. त्यानंतर सुटली नाही. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर दुपारी, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. घासलं नाही तर पोट साफ होत नाही, कपाळ जड होतं, चांगलं बोलणाऱ्याचाही राग येतो.

गाठ काढली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितलं होतं. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, “बोल, पुन्हा नाही घासणार.” मी बोलले. दोन महिने पाळलंही. पुढे मोरीत नळ सोडून घासायला लागले. डबी साबणाच्या खोक्यात. तिला वाटत राहिलं की सुटलं. इतकी वर्षं वाटत राहिलं.

दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवलं. इतक्या जवळून माझ्या उजव्या बाजूकडे कोणी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या की आधी जेली भरू, कारण ती मऊ असते, वर्षभराने आपोआप विरते, आणि मनासारखं झालं नाही तर दुसरी सुई देऊन ती लगेच विरघळवताही येते. माझी भीती थोडी कमी झाली. चूक पुसता येते असं काही शरीरात भरत असतील तर हरकत नाही.

फॉर्म भरायचा होता. मुलगी काउंटरवर उभी राहून वाचत होती आणि मला न विचारताच खुणा करत होती. “शुगर, नो. बीपी, नो. टोबॅको...” तिने वर पाहिलं आणि शेजारच्या मुलीला कौतुकाने म्हणाली, “मेरी मम्मी ने छोड़ दिया, पता है? एक बार में.” आणि ‘नाही’वर खूण केली. मी पदर सारखा केला.

सुया टोचल्या. बधिर केलेलं होतं, तरी आत काही सरकत जातंय हे समजत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी आरसा हातात दिला. सुजलेलं होतं, लाल होतं, पण जबड्याची कड कानापासून हनुवटीपर्यंत सलग होती. मी आरसा उलटा ठेवला. जास्त वेळ पाहिलं तर मुलगी काय म्हणेल असं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन आठवडे दाबायचं नाही, चोळायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, तोंड घट्ट बांधायचं नाही. मी सगळं पाळलं. मुलीच्या स्कूटीवर बसताना स्कार्फसुद्धा सैल घेतला. उताणी झोपले. अंघोळ करताना त्या बाजूला पाणी नुसतं वरून सोडलं.

आणि गुडाखू घासत राहिले. मोरीत, नळ सोडून, बोट आत घालून, दहा-दहा मिनिटं. मी काही मुद्दाम सांगितलेलं मोडत नव्हते. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. जेली बाहेरून भरली होती, चोळायचं नाही म्हणजे बाहेरून चोळायचं नाही. गुडाखू तर तोंडातली गोष्ट. आमच्याकडे तिला कोणी तंबाखूही म्हणत नाही, मंजनच म्हणतात.

तीन आठवडे मी बरी दिसले. कुम्हारीहून नणंदबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “काय वो, तब्येत सुधरली का तुमची?” त्यांना नक्की काय बदललं ते समजलं नाही, आणि ते न समजणंच मला फार आवडलं.

चौथ्या आठवड्यात जबड्याच्या कडेखाली वालाच्या दाण्याएवढं काही लागलं. दोन-चार दिवसांत ते मोठं झालं आणि वरचा खड्डा परत दिसायला लागला. जिथे हवं तिथून निघून जेली खाली जाऊन बसली होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटांनी चाचपलं. दाबलं का? नाही. चोळलं का? नाही. त्या कुशीवर झोपलात का? नाही. दातांचं काही काम केलं का? नाही. प्रत्येक उत्तर खरं होतं असंच मला तेव्हा वाटत होतं.

बाई विचारात पडल्या. “कुछ तो दबाव पड़ा है,” असं म्हणाल्या.

तेव्हा मुलगी मधे बोलली. ती त्यांच्याकडे नोकरी करते, त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहते. पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. “मम्मी ने कुछ नहीं किया, मैडम. मैं घर में देखती हूँ ना. आपने ही कम-ज़्यादा डाला होगा.”

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हो सकता है.” एवढंच. दुसरी सुई देऊन त्यांनी जेली विरघळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाणाही नव्हता आणि कडही नव्हती. खड्डा होता तसा होता.

काही दिवसांनी बाईंनीच मुलीला सांगितलं की तुमच्या आईला जेली टिकत नाही असं दिसतं, तर प्रकार बदलून पाहू. दुसरं एक भरण असतं, घट्ट, त्यात हाडात असतं तसं कॅल्शियम असतं. ते जागेवर बसतं, जास्त टिकतं. फक्त एक आहे, ते विरघळवायची सुई नाही. बसलं की बसलं. आधीची सूज पूर्ण जाऊ द्या, महिन्याने या.

मुलीने हे घरी आनंदाने सांगितलं. यजमान जेवत होते. प्लांटमध्ये त्यांचं काम बांधकामाच्या दुरुस्तीचं, त्यामुळे त्यांना ते त्यांच्या भाषेत समजलं. म्हणाले, “म्हणजे पुट्टी झडली, त आता सिमेंट भरून राहिले का तुले?”

“बाबा, मजाक नका करू,” मुलगी म्हणाली.

“मजाक कुठं करून राहिलो? पुट्टी खरवडता येते. सिमेंट एकदा वाकडं बसलं का छिन्नी लागते मंग.”

मी त्यांच्या ताटात भात वाढत होते. दोनदा वाढला.

माझा तो महिना इथून सुरू झाला. सकाळी मोरीत गेले, नळ सोडला, बोट आत घातलं. भिंतीवर यजमानांचा दाढीचा आरसा आहे. रोज तो असतोच, मी रोज त्याच्याकडे पाठ करूनच उभी राहायचे, कोणती बाई गुडाखू घासताना आरशात पाहते? त्या दिवशी नव्या भरणाचा विचार करत मी वळले आणि मला माझा गाल दिसला. आतून बोट पुढे-मागे चाललं होतं आणि बाहेर, अगदी जबड्याच्या कडेला, एक उंचवटा पुढे-मागे जात होता. जेली भरली होती ती हीच जागा. गेली कित्येक वर्षं मी उजवीकडेच घासत होते, कारण तिथे दाढा नाहीत, हिरडी रिकामी आहे, गुडाखू तिथे चांगली बसते.

मी बोट काढलं. चूळ भरली. नळ चालूच होता. बाहेरून मुलगी ओरडली, “मम्मी, पाणी कावून सोडून ठेवलं?”

“कपडे खंगाळून राहिली,” मी म्हटलं.

एक खोटं होतं ते मला माहीत होतं. पण आता त्याला दुसरं जोडलं गेलं होतं. बाईंनी दाबलं का म्हणून विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, आणि माझी मुलगी त्या नाहीवर विश्वास ठेवून आपल्या मालकिणीशी भांडली होती.

मी ठरवलं, सांगायची गरजच ठेवायची नाही. सोडून द्यायची. महिना आहे हातात. सोडली की सांगायचं काही उरणार नाही. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं इतकं दुखलं की मी भांडी घासता घासता परात आपटली. तिसऱ्या दिवशी यजमानांनी मीठ मागितलं तर मी म्हटलं, “उठून घेता नाही येत?” ते घाबरून उठले आणि स्वतः मीठ घेऊन आले. चौथ्या दिवशी मी अंगणात बडीशेप चघळत फेऱ्या मारत होते, तेव्हा शेजारची बाई कुंपणाजवळ आली.

“का होगे दीदी? चार दिन ले पिंजरा के बघवा कस घूमत हस.”

पिंजऱ्यातल्या वाघासारखी फिरत होते खरी. मी तिला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. एवढं एक घर आहे जिथे मी बोलते. तिने कमरेची डबी काढली. “ले, थोरकुन घिस ले. डॉक्टरिन ला का पता चलही?”

“पता नहीं चलेगा, पर गाल को पता चलता है,” मी म्हटलं.

ती खदखदून हसली. “तोर गाल बड़ हुसियार हे.” आणि डबी कुंपणावर ठेवून गेली. ती असंच करते. मी ती डबी अर्धा तास पाहिली. मग घेतली. बोटाऐवजी ब्रशने लावून पाहिली, डावीकडे घासून पाहिली, जोर न देता नुसती ठेवून पाहिली. माझ्या मनाने असे किती तरी रस्ते काढले. दोन दिवसांनी बोट परत उजवीकडेच होतं.

मग मी उलट्या बाजूने विचार करायला लागले. नवं भरण घट्ट आहे म्हणतात. हाडासारखं आहे. ते काय बोटाने हलणार? कदाचित जेलीच मऊ होती. कदाचित बाईंचाच हात चुकला असेल, त्याच तर म्हणाल्या हो सकता है. मी हे स्वतःला सांगायचे आणि मधेच यजमानांचा छिन्नी हा शब्द आठवायचा. रोज सकाळी आरशात खड्डा पाहायचे. मला तो भरलेला हवा होता, आता पहिल्यापेक्षा जास्त हवा होता, कारण तीन आठवडे तो नव्हता.

एकदा मुलगी केस विंचरत होती तेव्हा मी म्हटलं, “राहू दे आता. नाई भरायचं काही.”

ती कंगवा हातात घेऊन वळली. “कावून?”

“असंच.”

“भेव वाटते?”

“हो.”

“मैं हूँ ना,” ती म्हणाली. “मैडम को मैंने बोल दिया है, इस बार अच्छे से करना.”

मला तेव्हा सांगता आलं असतं. ती एकटी होती, बाबा ड्यूटीवर, घर शांत. मी तोंड उघडलंही. मग म्हटलं, “वेणी घालून देऊ का?”

ठरलेला दिवस आला. त्या दिवशी मी सकाळी घासलं नाही. एका दिवसाने काही होत नसतं हे माहीत असून घासलं नाही. दवाखान्यात खुर्चीवर पडले. बाईंनी मलम लावून बधिर केलं, पांढऱ्या पेन्सिलीने जबड्यावर रेघा ओढल्या. त्यांच्या हाताला साबणाचा वास होता. त्या दिवशी त्या जरा गप्प होत्या, मुलीशीही कामापुरतं बोलत होत्या. माझ्यावरून दोघींत जे झालं होतं ते अजून तिथेच होतं, मला खुर्चीवरूनही कळत होतं.

“आंटी जी, एक बार फिर बता दूँ,” बाई म्हणाल्या. “इसको मैं वापस नहीं निकाल सकती. ठीक है?”

मी मान हलवली.

“फॉर्म?” त्यांनी विचारलं.

दारातून मुलगी आत आली, पॅडवर लिहीत लिहीतच. “वही पुराना है मैडम, सब नो.” तिने खाली पाहून एकामागून एक खुणा केल्या. पेनाचा टक टक असा आवाज येत होता. बाईंनी सुईचं टोपण काढलं.

मी त्यांचं मनगट धरलं.

सुई होती त्या हाताचं. त्या दचकल्या. मला वाटलं मी काही तरी नीट वाक्य बोलेन. एकच शब्द आला. “गुडाखू.”

“क्या?”

“घिसती हूँ.”

मुलीचं पेन थांबलं. बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली, टोपण लावून, सावकाश. “कितनी बार?”

“दो.”

त्यांनी आपलं स्टूल जवळ ओढलं.

“तीन,” मी म्हटलं. “कभी चार.”

“किस तरफ?”

मी उजवीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, “करके दिखाइए. जैसे रोज़ करते हैं.”

माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं कठीण काम सांगितलं नव्हतं. वर मोठा दिवा, जबड्यावर पांढऱ्या रेघा, दारात मुलगी. मी तोंडात बोट घातलं आणि घासून दाखवलं. बधिर होतं म्हणून मला बाहेरचं काही जाणवत नव्हतं, पण बाईंनी आपली दोन बोटं माझ्या गालावर बाहेरून ठेवली होती. त्यांना माझं बोट आतून लागत होतं. त्या मान हलवत होत्या.

“मेरी नानी भी मंजन ही बोलती थी,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग दिवा वळवून त्यांनी माझं तोंड आतून पाहिलं, बराच वेळ. हिरडी सोललेली आहे म्हणाल्या. जेली यामुळेच सरकली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण रोज इतका जोर पडत असेल तर सरकू शकते. आणि अशा तोंडाजवळ परत न निघणारं काही मी भरणार नाही. आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तीन महिने गुडाखू बंद. नंतर पाहू, आणि तेव्हाही आधी जेलीच, ही दुसरी नाही.

त्यांनी ओल्या कापसाने माझ्या रेघा पुसल्या. मुलगी तोवर बाहेर निघून गेली होती. बाई दाराकडे पाहून हळूच म्हणाल्या, “अच्छा हुआ आपने पकड़ लिया.” मनगटाबद्दल म्हणत होत्या.

संध्याकाळी मुलीच्या स्कूटीवर मागे बसून घरी निघाले. नेहरू नगरच्या चौकात सिग्नल लागला. समोर पाहत ती म्हणाली, “मेरे सिर पे हाथ रखके बोली थी तू.”

“हो.”

“मैडम से लड़ी मैं तेरे लिए.”

“हो.”

“आज सॉरी बोलून आली मी त्याहिले. सगळ्याहिच्या समोर.”

“हो.”

“हो हो काय करून राहिली? बोल ना काही!”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. मी तिच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हटलं, “मले लाज वाटत होती. तुझी.”

“माझी लाज?”

“तुले वाटे मी सोडली. तू सगळ्याहिले सांगत जाय. मले थे चांगलं वाटे.”

तिने गाडी सुरू केली. खड्डा आला तिथे हळू केली.

घरी आल्यावर तिने हात पुढे केला. “कुठं आहे डबी?” मी साबणाच्या खोक्यातून काढून दिली. मला वाटलं ती फेकून देईल. तिने ती स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या फळीवर, मिठाच्या बरणीला लागून ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी. म्हणाली, “आता हे इथंच राहीन. घासायचं असंल त इथून घे, आमच्या समोर. नळ सोडून नाई.”

फेकून दिली असती तर दुसरी आणता आली असती. फळीवरची डबी फार कठीण आहे. चहा करताना दिसते, भाजीला फोडणी देताना दिसते. यजमान येता-जाता तिच्याकडे पाहतात आणि खिशातला आपला तंबाखू-सुपारीचा खर्रा बाहेर अंगणात जाऊन खातात. पहिल्या आठवड्यात मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा मुलीसमोर, आणि दोन्ही वेळा ती उठून गेली नाही. माझ्याच्याने मात्र मिनिटभरही घासवलं नाही. त्यानंतर घेतली नाही. अंगात मुंग्या असल्यासारखं होतं, हात रिकामे राहवत नाहीत. मी कपाटं दोनदा आवरली. लिहायला बसले ते यामुळेही असेल. जबडा आहे तसाच आहे.

गेल्या रविवारी कुम्हारीहून नणंदबाई आल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांची नजर फळीवर गेली. “ही कोणाची वो?”

मुलगी गॅसपाशी चहा ठेवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“माझी,” मी म्हटलं.

“तुमची? डॉक्टरनं बंद केली होती ना?”

“केली होती. मी घासतच होती. चोरून.”

“अगं माय! एवढी मोठी बाई अन् चोरून?” त्यांनी हात लांब करून डबी काढली, झाकण उघडलं, नाकाशी नेली. मग बोलण्याचा सूरच बदलला. “ही कोणती आहे? आमच्याकडची लई कडक येते बाई, चक्करच येते.”

मुलगी फसकन हसली. नणंदबाईंना आपण काय बोललो ते उशिरा लक्षात आलं. त्या लाल झाल्या आणि मग त्याही हसायला लागल्या. बोटावर थोडी घेतली. गुळाचा तो ओला वास खोलीभर झाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, जिभेखाली, उजवीकडे.

“घ्या ना तुम्हीपण थोडीशी,” त्या म्हणाल्या. “एका बोटानं काय होते?”

“बंद करा ते, ताई,” मी म्हटलं. “नऊ दिवस झाले. बंद करा, मले वास येऊन राहिला.”

माझा आवाज मोठा निघाला होता. नणंदबाईंनी झाकण लावलं. डबी फळीवर परत ठेवायला मात्र त्या उठल्या नाहीत, आपल्या गुडघ्याजवळ जमिनीवरच ठेवली, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मुलगी पाठमोरी चहा गाळत होती. तिने मी काय करते ते वळून पाहिलं नाही.